एकांतरा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
चौदा नंबरचं मशीन झोपलंय.
मी ठाण्यात, वर्तकनगरला, ओट्याला टेकून,
कुकर कधीचा गार झालाय,
आणि मी त्याला हाक मारतेय.

हाक म्हणजे आधी सहा वेळा एफएफ,
घसा खाकरल्यासारखं,
मग त्याचा पत्ता. सोळा वेळा.
पंधरा चालत नाही.
झोपलेल्यानं एवढंच करायचं:
एक कान उघडा ठेवायचा
आणि स्वतःचं नाव ओळखायचं.

काल उठलं होतं.
आज नाही.

केबल बदलली. स्विचवरचा दिवा हिरवा.
बायोसमध्ये परवानगी दिलेली.
ड्रायव्हर झोपण्याआधी जाग्याचा बिट चढवतो,
मी स्वतः वाचलाय, एक म्हणजे एक.
पुण्याची टीम म्हणते, आमच्याकडे चालतं.
तरी रात्री साडेअकराला फोन करावाच लागतो,
"मढवी, जरा वर जाता का?"

धर्मा मढवी, रात्रपाळी, डावा गुडघा गेलेला.
लिफ्ट दहाला बंद करतात.
फोनमध्ये मला त्यांचे जिने ऐकू येतात,
प्रत्येक वळणावर एक थांबा,
मग कुलूप, मग एसीची घरघर,
मग "दाबला."
माझ्या स्क्रीनवर चौदा नंबर डोळे चोळत येतं.
लॉगमध्ये काहीच नाही.
झोपलेल्याला काय विचारणार,
ऐकू का आलं नाही म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात मढवी म्हणाले,
"मॅडम, याला एकांतरा झालाय."
"काय झालंय?"
"एक दिवस सोडून ताप. आमच्या आज्याला यायचा, मिठागरावर.
मधल्या दिवशी गडी टुणटुणीत.
माझ्या वहीत हाय सगळं."

गेटच्या वहीचा फोटो आला.
कुरियर, पाण्याचा टँकर, एसीवाला मुलगा,
आणि मधेमधे निळ्या शाईत, १४ नं. बटण दाबले:
सोम, बुध, शुक्र.
पुढच्या आठवड्यात मंगळ, गुरू.
परत सोम, बुध, शुक्र.

तीन आठवडे मी विचारत होते, का उठत नाही.
त्या रात्री विचारलं, कितव्यांदा.

जाग येताना चालणारं फंक्शन,
त्यात कुणीतरी जुन्या चिपसाठी लिहिलेल्या सहा ओळी:
पत्ता उलटा साठवलेला असतो, सुलटा करून ठेव.
चांगलंच काम. पण दर जागेला.
उलट्याचा सुलटा, सुलट्याचा उलटा.
दिवसा काही अडत नाही,
दिवसा तो पत्ता दुसरीकडून वाचतो.
रात्री मात्र
एकदा आपलं नाव पांघरून झोपतं,
एकदा तेच नाव, शेवटाकडून.
आणि मी सोळा वेळा बोंबलतेय
आणि ते ऐकतंय, अक्षर न् अक्षर,
शेजारच्या घरातल्या कुणाला तरी बोलावताहेत
असं समजून कूस बदलतंय.

एक खूण ठेवली: एकदा सुलटं केलंय, आता हात लावू नकोस.
दोन ओळी.

मढवींना सांगितलं, तर बाकी सगळं सोडून
"सोळा हाका?" म्हणाले.
"आमच्यात तिसऱ्या हाकेला तांब्याभर पाणी."

काल मंगळवार. भरायचा दिवस.
हाक पाठवली. दोन सेकंद.
उठलं.
तरी बोटांनी सवयीनं फोन लावला.

"वर जाऊ?"
"नको. उठलं ते."
पलीकडे वहीचं पान फिरलं.
"मग काय लिवू?"
"काही नाही. कोरं ठेवा."
"कोरं नाय चालत, मॅडम. सकाळी सही होते."

पाच मिनिटांनी, न मागता, फोटो आला.
टँकरच्या खाली, निळ्या शाईत,
वेळ घालून, खाली रेघ मारून:
१४ नं. स्वतः उठला.